घर बांधायला काढलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॉट हातात आहे, नकाशा डोक्यात आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातला नकाशा वेगळा आहे. अशा अवस्थेतली माणसं जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. पण एक गोष्ट उत्तरांत फिरून फिरून येईल, ती आधीच सांगून टाकतो: कागदावर बदललेला निर्णय जवळपास फुकट असतो, भिंत चढल्यावर बदललेला नसतो. बांधकामातल्या निम्म्या मनस्तापाचं मूळ इथेच आहे.

घर बांधून व्हायला किती वेळ लागतो?

ठेकेदार जो वेळ सांगतो तो सगळं सुरळीत झालं तर लागणारा वेळ असतो. सगळं सुरळीत होत नाही. डॅनियल काहनेमान आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. अंदाज बांधताना माणूस आपलं काम कसं पार पडेल याचंच चित्र डोळ्यांपुढे आणतो. तशाच कामांना इतरांचा प्रत्यक्षात किती वेळ गेला, हे पाहायच्या फंदात पडत नाही.

उपाय साधा आहे. त्याच ठेकेदाराने बांधलेल्या मागच्या दोन-तीन घरांच्या मालकांना भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: ताबा कधी मिळायचा ठरला होता आणि राहायला कधी गेलात? तो फरक आपल्या तारखेत धरा. नकाशे, अंदाजपत्रक आणि परवानग्या यांत जाणारे महिने वेगळेच. ते सहसा कुणी मोजत नाही. भाड्याच्या घराचा करार बांधकामाच्या ठरलेल्या तारखेलाच संपेल, असं मात्र चुकूनही करू नका.

स्लॅब भरेपर्यंत काम भराभर झालं. आता महिनोन्‌महिने काहीच हलत नाही. ठेकेदार फसवतोय का?

फसवत असेलही, पण बहुतेक वेळा नाही. सांगाडा उभा करायला मोजकी माणसं लागतात: सळई बांधणारे, सेंटरिंगवाले (म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा उभारणारे), काँक्रीट भरणारे, गवंडी. काम मोठं आणि डोळ्यांना दिसणारं. फिनिशिंगमध्ये वायरमन, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला, टाइलवाला, सुतार, फॅब्रिकेटर, रंगारी असे सगळे एकमेकांची वाट बघत बसतात.

एक बाथरूम घ्या. शॉवरचा मिक्सर भिंतीच्या आत बसणारा घ्यायचा की बाहेरचा, हे ठरत नाही तोवर प्लंबर भिंत फोडू शकत नाही. पाइप बसले नाहीत तर त्यांची दाबचाचणी नाही, चाचणी नाही तर वॉटरप्रूफिंग नाही, वॉटरप्रूफिंग नाही तर टाइल नाही, आणि टाइल नाही म्हणून बाथरूमचं दार सुताराकडे पडून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काम बंद आहे. मालक मात्र अजून कॅटलॉग चाळत असतो.

हा सगळ्यात रटाळ टप्पा. पैसे आटत आलेले असतात, उत्साह ओसरलेला असतो आणि भेटेल तो ‘कुठवर आलं?’ विचारतो. आतल्या भिंती फोडायला सुरुवात होण्याआधी नळ, बेसिन, कमोड, टाइलची मापं, ओट्याचं सिंक आणि लाइटचे पॉइंट पक्के करून टाका. नुसते ‘मनात’ नकोत. मॉडेल नंबरासकट कागदावर हवेत.

खर्च अंदाजापेक्षा किती वाढेल असं धरावं?

ठरलेल्या अंदाजपत्रकाच्या वर १० ते १५ टक्के रक्कम बाजूला ठेवा, आणि ती आहे हे घरात सगळ्यांना सांगत बसू नका. सांगितलीत की ती इटालियन मार्बलात जाते. ही रक्कम जमिनीखाली अनपेक्षित निघालेल्या खडकासाठी, वाढलेल्या भावांसाठी आणि नकाशात राहून गेलेल्या गोष्टींसाठी आहे.

दुसरं म्हणजे, सांगाडा पूर्ण झाला म्हणजे बरंचसं झालं असं वाटतं, पण खर्चाच्या हिशेबात तुम्ही अजून मध्यावरच असता. खिडक्या, दारं, फरशी, वायरिंग, प्लंबिंग, रंग, फर्निचर हे सगळं पुढे उभं असतं. कंपाउंड वॉल, फाटक, पाण्याची टाकी, सांडपाण्याची सोय, वीजजोडणी आणि अंगणातली फरशी तर पुष्कळ अंदाजपत्रकांत नावालाही नसते.

ठेका चौरस फुटाच्या दराने द्यावा का?

देता येतो, पण नुसत्या दराला अर्थ नाही. दोन ठेकेदारांच्या दरांत फरक असेल तर आधी ते नेमके कोणते चौरस फूट मोजतात ते विचारा. गच्ची, बाल्कनी, जिना आणि पोर्च धरले की नाही? धरले तर पूर्ण दराने की अर्ध्या? मग दरात काय येतं ते विचारा: सिमेंट आणि सळई कोणत्या प्रतीची, टाइलसाठी किती रकमेपर्यंत मुभा, खोलीमागे किती इलेक्ट्रिक पॉइंट, रंगाचे हात किती. ‘चांगल्या प्रतीचं’ हा शब्द करारात दिसला तर तो खोडून तिथे वस्तूचं नाव लिहा.

वेळ असेल तर आयटमवार दर मागवा. खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, गिलावा, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर. यात डोकेफोड जास्त आहे, पण बदल झाला की भांडण कमी होतं, कारण भाव आधीच ठरलेला असतो. फक्त मजुरीचा ठेका देऊन माल स्वतः आणायचा, हा तिसरा मार्ग स्वस्त दिसतो. मात्र दुपारी वाळू संपल्याचा फोन तुम्हालाच येणार, हे गृहीत धरा.

पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या, तारखांनुसार नको. झालेल्या कामाच्या पुढे पैसे जाऊ देऊ नका. शेवटचे ५ ते १० टक्के राखून ठेवायचं करारातच लिहा.

आर्किटेक्ट घेतलाच पाहिजे का? आणि नाव असलेला घेतला तर त्रास वाचतो का?

जागेचा विचार करणारा कुणीतरी हवा आणि इमारत उभी कशी राहील याचा हिशेब करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर तर हवाच. ही दोन वेगळी कामं आहेत. ‘आमचा मिस्त्री सगळं जाणतो’ हे गवंडीकामापुरतं ठीक आहे. बीममध्ये किती सळई हवी हे त्याने अंदाजाने ठरवू नये.

नावाचं म्हणाल, तर विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली दोन खासगी घरं बघा. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मीस व्हान डेर रोहे यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी काचेचं घर बांधलं, ते १९५१ साली पूर्ण झालं. खर्च वाढत गेला आणि आर्किटेक्ट व मालकीण एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले. घर नदीकाठच्या पूरक्षेत्रात. जमिनीपासून पाच फुटांहून उंच उचललेलं असूनही पाणी पुढे अनेकदा आत शिरलं. पेनसिल्व्हेनियात फ्रँक लॉइड राइट यांनी कॉफमन कुटुंबासाठी धबधब्यावर बांधलेल्या ‘फॉलिंगवॉटर’चे पुढे आलेले सज्जे सेंटरिंग काढल्यापासूनच खाली झुकले. मालकाने नेमलेल्या इंजिनिअरांनी त्यात नकाशापेक्षा जास्त सळई घातली होती, तरीही. शेवटी २००२ मध्ये आतून केबल ताणून ते सावरावे लागले.

दोन्ही घरं आज जपलेली आहेत, लोक लांबून बघायला येतात. राहायच्या घरासाठी मात्र मी वेगळी परीक्षा सांगेन: आर्किटेक्टने पहिल्या भेटीत तुमच्या दिवसाबद्दल किती विचारलं? सकाळी कोण आधी उठतं, कपडे कुठे वाळतात, अभ्यास कुठे होतो, पाहुणे आले की कोण कुठे झोपतं. हे न विचारता थ्रीडी चित्र दाखवणारा असेल तर जपून.

पाया आखला तेव्हा खोल्या खुराड्याएवढ्या दिसल्या. मापं चुकली का?

बहुधा नाही. उघड्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखलेली खोली लहानच दिसते, कारण तिच्या बाजूला सगळं मोकळं आकाश असतं. भिंती चढल्या की तीच खोली मोठी वाटते, सामान आलं की पुन्हा लहान. याच टप्प्यावर घाबरून ‘दोन फूट वाढवा’ म्हणणारे खूप. पाया वाढला तर कॉलमची जागा सरकते, बीमची लांबी बदलते आणि इंजिनिअरचा हिशेब पहिल्यापासून.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, टेपवर ठेवा. सध्याच्या घरातल्या पलंगाचं, कपाटाचं, जेवणाच्या टेबलाचं माप घ्या. एखाद्या मोकळ्या जागेवर खडूने नवी खोली खऱ्या मापात काढा, त्यात पलंग आखा, कपाटाचं दार उघडल्यावर किती पुढे येतं ते आखा आणि दोघांनी एकमेकांना न धडकता त्यातून चालून बघा. दार आत उघडल्यावर बटणांचा बोर्ड दारामागे जातो का, तेही तिथेच कळेल. हे काम खोदाईच्या आधी करायचं, नंतर नाही.

घरात एकमत होत नाही. काय करावं?

एकमताची वाट पाहत बसलात तर प्लॉटवर गवतच वाढेल. ओटा कसा असावा हे जी व्यक्ती तिथे उभी राहते तिने ठरवावं. ज्याची खोली त्याने ठरवावं. सामाईक जागांसाठी तारीख ठरवून एकदा बसा आणि काय ठरलं ते लिहून ठेवा.

साइटवर सूचना मात्र एकाच माणसाने द्यायच्या. सकाळी बाबांनी सांगितलं खिडकी इथे, दुपारी आई म्हणाली तिथे, संध्याकाळी मुलाने फोनवर फोटो पाठवला. अशाने गवंडी तिघांनाही ‘हो’ म्हणतो आणि सोयीचं ते करतो.

काम चालू असताना बदल केला तर चालतं ना?

चालतं. बिल येतं. कोणत्या वेळी काय हलवता येतं याची समज असली म्हणजे झालं. गिलाव्यापूर्वी इलेक्ट्रिक पॉइंट सरकवणं सोपं आहे. विटेची आडभिंत सरकवणं महाग पण शक्य, तेसुद्धा खाली बीम आहे का हे इंजिनिअरने पाहिल्यावर. संडास-बाथरूम हलवणं म्हणजे उतार, ट्रॅप (सांडपाणी उतरतं ते तोंड), खाली उतरवलेला स्लॅब सगळंच बदलणं. आणि कॉलमला हात लावायचा नाही. पाइप न्यायला कॉलम किंवा बीममध्ये भोक पाडायला निघालेल्या प्लंबरला तिथल्या तिथे थांबवा.

प्रत्येक बदलाआधी चार ओळी लिहून सही घ्या: काय बदलायचं, किती पैसे वाढतील, किती दिवस वाढतील. तोंडी झालेला बदल शेवटच्या बिलात भलत्याच आकड्याने उगवतो.

स्लॅब भरायच्या दिवशी मालकाने काय बघायचं असतं?

खरं बघायचं आदल्या दिवशी. इंजिनिअरने सळई तपासून लेखी होकार दिलाय का? खालच्या सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का, की ती थेट सेंटरिंगच्या पत्र्याला टेकलीय? टेकलेली सळई उघडी राहते, गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात. वरची सळई माणसांच्या पायाखाली चेपून खाली बसलेली नाही ना, हेही पाहा. पंख्याचे बॉक्स, वायरचे पाइप, गच्चीच्या पाण्याचे पाइप आपापल्या जागी आहेत का ते नकाशा हातात घेऊन मोजा.

प्रत्यक्ष दिवशी डोळा पाण्याच्या पाइपवर ठेवा. काँक्रीट घट्ट वाटायला लागलं, पसरवणारे थकले की कुणीतरी हळूच त्यात पाणी सोडतं. माल छान पसरतो, सगळे खूश. पण सिमेंटच्या मानाने जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. काँक्रीट कमजोर होतं आणि पाणीही झिरपू देतं. काम सोपं व्हायला हवं असेल तर त्यासाठी प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) मिळतो, तो आधीच ठरवून वापरावा.

व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र) चालू आहे ना ते पाहा, आणि दुसरा तयार ठेवायला सांगा. भर दुपारी एकुलता एक व्हायब्रेटर बंद पडला की मग सळईने टोचत बसतात. त्याचा परिणाम सेंटरिंग काढल्यावर दिसतो: बीमच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं. त्यांवर गुपचूप सिमेंट फासू देऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

पाणी किती दिवस मारायचं?

साध्या सिमेंटला किमान ७ दिवस. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा गरम-कोरडी असेल तर १० ते १४. काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं, म्हणून ओलावा टिकला पाहिजे. दिवसातून दोनदा शिंतोडे उडवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि काँक्रीटची प्रत मोजतात ती २८ व्या दिवसाच्या ताकदीवर. त्यामुळे टेकू घाईने काढायला लावू नका. कुठला कधी काढायचा हे गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, अवलंबून असतं, ते इंजिनिअरला विचारा.

रोज साइटवर जायला हवं का?

नको. रोज जाणारा मालक बिनमहत्त्वाचं बघतो आणि कामगारांना बोलण्यात गुंतवतो. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी मात्र जायलाच हवं: पायाचं काँक्रीट पडण्याआधी, स्लॅब भरण्याआधी, गिलाव्याआधी, टाइलआधी.

भिंतीला भेगा गेल्या. घाबरायचं का?

गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा आल्या तर तो गिलावा आकसलाय. रंगाआधी भरून घेतात. काँक्रीटचा बीम आणि वीटकाम मिळतं तिथे सरळ रेषेत भेग येते, कारण दोन्ही वेगवेगळी प्रसरण पावतात. गिलाव्याआधी त्या सांध्यावर जाळी ठोकली असती तर बहुतेक टळली असती. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया असमान खचल्याची खूण असू शकते.

अशा भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. काही आठवड्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर इंजिनिअरला बोलवा. रेघेशीच थांबली असेल तर निम्मी काळजी मिटली. कॉलम किंवा बीमवरच भेग दिसली तर रेघा मारत बसू नका, लगेच बोलवा.

म्हणून तर खोदाईआधी मातीची तपासणी करायची. पाण्याने फुगणारी आणि उन्हाने आकसणारी चिकणमाती असेल तर पायाचा प्रकारच बदलतो.

नव्या घरात गळती का होते?

कारण वॉटरप्रूफिंग तपासायच्या आतच टाइल लागते. बाथरूमचं तोंड बंद करून, ट्रॅपला बूच मारून किमान २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. गच्चीचंही तसंच. भिंतीतले पाण्याचे पाइप बुजवण्याआधी दाब देऊन तपासा. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, आजवर कधी गळलं नाही.’ तरीही पाणी भरा.

पैसे कुठे वाचवावेत?

क्षेत्रफळात. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेली खोली उरलेले दिवस फक्त झाडून घ्यावी लागते. घराचे कोपरे कमी ठेवा. प्रत्येक वळणाला भिंत, कॉलम, गिलावा सगळं वाढतं. बाथरूम एकावर एक ठेवा म्हणजे पाइप कमी लागतात.

पाया, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, पाइप आणि खिडक्या इथे काटकसर करू नका. नळ, दिवे, रंग, कपाटांची दारं पाच वर्षांनी बदलता येतात.

म्हातारपणाचा विचार आत्ताच करायचा का?

हो, कारण आत्ता तो स्वस्तात होतो. तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून बाथरूम. दारांची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्हीलचेअर जाते. उंबरे टाळा. बाथरूमच्या भिंतीत पुढे धरायचे दांडे बसतील अशी भक्कम जागा ठेवा.

जिन्यासाठी सतराव्या शतकातल्या फ्रँस्वा ब्लाँडेल या फ्रेंच आर्किटेक्टचा नियम आजही वापरतात: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, ही बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटरच्या दरम्यान यावी. १६० उंची आणि ३०० रुंदी घेतली तर ६२०, म्हणजे आरामशीर. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. फरशीची जाडी हिशेबात धरली नाही की पहिली किंवा शेवटची पायरी वेगळी निघते आणि माणूस नेमका तिथेच अडखळतो.

ठेकेदाराशी बिनसलं तर?

आधी पैसे थांबवण्यापेक्षा मोजमाप घ्या. झालेलं काम मोजून, फोटो काढून, तिसऱ्या जाणकार माणसाच्या सहीने कागदावर आणा. किती काम झालं आणि किती पैसे गेले हे दोन आकडे समोर ठेवले की आवाज खाली येतात. माणूस बदलायचाच असेल तर नवा येण्याआधी हे मोजमाप झालेलं हवं, नाहीतर तो सगळे दोष जुन्याच्या नावावर टाकून नवं बिल काढतो.

थोडं काम बाकी आहे. राहायला गेलं तर चालेल का?

पाणी, वीज, एक चालू बाथरूम, सगळी कठड्याची कामं आणि बंद होणारी बाहेरची दारं असतील तर चालेल. मात्र तुम्ही राहायला गेलात की उरलेल्या कामांची गती एकदम मंदावते. जाण्याआधी खोलीवार यादी करा: कुठलं दार घासतं, कुठली टाइल पोकळ वाजते, कुठल्या सॉकेटला वीज नाही, बाथरूमचं पाणी ट्रॅपकडे जातं की दाराकडे. ती यादी पुरी झाल्यावरच राखून ठेवलेली रक्कम द्या.

पहिलं वर्षभर भिंतींतून ओल बाहेर पडत राहते. मोठी कपाटं भिंतीला चिकटवू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

कुठले कागद जपून ठेवायचे?

मंजूर नकाशे, सळईचे नकाशे, बदलांच्या सह्या केलेल्या नोंदी, बिलं, वॉरंट्या. आणि सगळ्यांत उपयोगी: गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, उलगडलेला टेप भिंतीला टेकवून, पाइप आणि वायरची जागा मापासकट दिसेल असा. फोटोला खोलीचं आणि भिंतीचं नाव द्या, आणि एक प्रत फोनबाहेरही ठेवा. पुढे कधी खिळा ठोकायला ड्रिल हातात घेतलंत की आधी तो उघडायचा.